शुगर ग्लायडरचा समतोल आहार : प्राणिप्रेमाचा एक पाठ

मूल प्राण्यावर प्रेम करू लागले की त्याचा हात प्रथम खाऊकडे जातो. आपल्या पानातील पोळीचा तुकडा, बिस्किटाचा चुरा, दुधाची बशी असे जे जे आपणांस गोड लागते ते ते ते त्या मुक्या जीवापुढे ठेवते. ही भावना निर्मळ आहे, आणि शिक्षकाने ती कधीही दुखवू नये. परंतु प्रेमाला ज्ञानाची जोड नसेल तर तेच प्रेम प्राण्याच्या जीवावर बेतते. पाळीव प्राण्यांपैकी कित्येक उपासमारीने मरत नाहीत. पोट भरलेले असूनही चुकीच्या अन्नाने मरतात. ही गोष्ट मुलांच्या मनावर बिंबविण्यास शुगर ग्लायडर या चिमुकल्या परदेशी प्राण्याचे उदाहरण अतिशय उपयुक्त आहे.

हा विषय मुळशीसारख्या डोंगराळ तालुक्यातील शिक्षकांना परका वाटण्याचा संभव आहे. तथापि हिंजवडी, भूगाव, पिरंगुट या भागांत आता शहराची वस्ती आणि शहराच्या आवडीनिवडी पोचल्या आहेत. परदेशी प्राणी पाळण्याची हौस त्यांबरोबरच येते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर खिशातून डोकावणारा, हातावर झेप घेणारा हा प्राणी मुलांनी पाहिलेला असतो, आणि “गुरुजी, तो काय खातो?” हा प्रश्न वर्गात केव्हाही येऊ शकतो. शिवाय ज्या नियमांनी या प्राण्याचा आहार ठरतो तेच नियम आपल्या गोठ्यातील वासराला, झाडावरून पडलेल्या खारीच्या पिलाला आणि वर्गातील मुलालाही लागू आहेत. म्हणून हा विषय आपल्या अध्यापनाच्या बाहेरचा नाही.

प्राण्याची ओळख

शुगर ग्लायडर हा मूळचा ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी या प्रदेशांतील प्राणी. वजन साधारणतः १०० ते १५० ग्रॅम, म्हणजे एका मध्यम आकाराच्या पेरूइतके. अंगावर राखी रंगाची मऊ लव, पाठीवर एक काळी रेघ, मोठे काळे डोळे आणि लांब झुपकेदार शेपूट. पुढच्या पायाच्या बोटापासून मागच्या पायाच्या बोटापर्यंत कातडीचे एक पटल असते. ते ताणून हा प्राणी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पन्नास मीटरपर्यंत तरंगत जाऊ शकतो. तो पक्ष्याप्रमाणे उडत नाही. उंचावरून उतरत्या वाटेने तरंगतो, एवढेच.

रूपाने तो खारीसारखा दिसला तरी खारीचा तो आप्त नव्हे. खार ही उंदराप्रमाणे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातील, तर हा कांगारूप्रमाणे पोटाशी पिशवी असणाऱ्या प्राण्यांतील. याचे पिलू गर्भात अवघे पंधरा ते सतरा दिवस असते. त्यानंतर तांदळाच्या दाण्याएवढे पिलू आईच्या पिशवीत शिरते आणि तेथे सुमारे सत्तर दिवस दुधावर वाढते. आपल्या सह्याद्रीच्या दाट रानांत उडती खार आहे. तिलाही असेच पटल असते. दोन अगदी भिन्न कुळांतील प्राण्यांना एकाच प्रकारच्या जीवनक्रमामुळे सारखे रूप आले, ही सृष्टीतील नवलाची गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. मात्र रूप सारखे म्हणून आहारही सारखा असे समजू नये. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, म्हणून तिला कठीण पदार्थ कुरतडावे लागतात. शुगर ग्लायडरचे दात असे वाढत नाहीत. त्याला खारीप्रमाणे कवचाची फळे द्यावीत किंवा त्याचे दात कापावेत, या दोन्ही समजुती घातक आहेत.

हा प्राणी निशाचर आहे. दिवसभर तो झाडाच्या ढोलीत आपल्या कळपासह झोपतो व अंधार पडल्यावर अन्नाच्या शोधार्थ निघतो. बंदिवासात नीट काळजी घेतल्यास तो दहा-बारा वर्षे जगतो.

रानातील ताट

कोणत्याही प्राण्याचा आहार ठरविताना पहिला प्रश्न असा विचारावा, की हा प्राणी आपल्या मूळ घरी काय खातो? त्याचे दात, त्याची जीभ, त्याची आतडी यांची घडण त्या अन्नासाठीच झालेली असते.

शुगर ग्लायडरच्या नावातील ‘शुगर’ या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. साखरेसारखे गोड खाणारा प्राणी म्हणजे त्याला मिठाई चालेल, असा अर्थ लोक काढतात. वस्तुतः तो निलगिरीच्या जातीच्या झाडांचा गोडसर रस, बाभळीच्या कुळातील झाडांचा डिंक, फुलांतील मध व पराग आणि झाडांवरील कीटकांनी स्रवलेला गोड द्रव यांवर निर्वाह करतो. खालच्या पुढे आलेल्या दातांनी तो साल खरवडतो आणि पाझरणारा रस चाटतो. डिंक पचविणे सोपे नसते. त्यासाठी त्याच्या मोठ्या आतड्याच्या आरंभी उंडुक नावाची मोठी पिशवी असते व तीत सूक्ष्म जंतूंच्या साहाय्याने डिंक आंबून पचतो. याखेरीज तो भुंगे, पतंग, अळ्या, कोळी असे कितीतरी जीव खातो. कीटक विपुल असतात त्या ऋतूत कीटकांवर भर, आणि ते दुर्मिळ झाले की डिंक व रस यांवर भर, असा त्याचा वर्षाचा क्रम असतो.

म्हणजे त्याच्या ताटात दोन मुख्य भाग आहेत. एक शक्ती देणारा गोड रस व डिंक आणि दुसरा शरीर घडविणारा प्रथिनयुक्त कीटकाहार. फळांना त्यात गौण स्थान आहे, आणि धान्य, बिस्किटे, फरसाण यांना तर मुळीच स्थान नाही. आपल्या परिसरात सामाजिक वनीकरणाने लावलेली निलगिरी व ऑस्ट्रेलियन बाभूळ ही झाडे ऑस्ट्रेलियातूनच आपल्याकडे आलेली आहेत. ती दाखवून या प्राण्याच्या मायभूमीची कल्पना मुलांना सहज देता येईल.

समतोल म्हणजे काय?

समतोल आहार म्हणजे पुष्कळ आहार नव्हे, महाग आहार तर नव्हेच. शरीराला लागणारी द्रव्ये एकमेकांशी योग्य प्रमाणात असणे म्हणजे समतोल. तराजूच्या एका पारड्यात कितीही चांगली वस्तू टाकली तरी दुसरे पारडे रिकामे असेल तर तराजू झुकतोच.

या प्राण्याच्या बाबतीत सर्वांत नाजूक तराजू आहे तो कॅल्शियम व फॉस्फरस या दोन खनिज द्रव्यांचा. दोन्ही द्रव्ये हाडांस आवश्यक आहेत. परंतु आहारात कॅल्शियमचे प्रमाण फॉस्फरसच्या सुमारे दीडपट ते दुप्पट असावे, असे पशुवैद्य सांगतात. आपण हौसेने जे पदार्थ देतो त्यांपैकी बहुतेकांत हे प्रमाण नेमके उलटे असते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांतील काही आकडे पुढे दिले आहेत. दर १०० ग्रॅम पदार्थात प्रथम कॅल्शियम व नंतर फॉस्फरस, दोन्ही मिलिग्रॅममध्ये :

मका (वाळलेला) : १० व ३४८
तांदूळ (सडलेला) : १० व १६०
गहू : ४१ व ३०६
शेंगदाणे : ९० व ३५०
सूर्यफुलाचे बी : २८० व ६७०
केळे : १७ व ३६
पिकलेली पपई : १७ व १३
ताजे अंजीर : ८० व ३०
नाचणी : ३४४ व २८३
शेवग्याचा पाला : ४४० व ७०

पिकाच्या जातीप्रमाणे व जमिनीप्रमाणे हे आकडे थोडे कमीअधिक होतात. परंतु त्यांतून निघणारा बोध बदलत नाही. मक्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळजवळ पस्तीसपट, शेंगदाण्यात जवळजवळ चौपट, केळ्यात दुप्पट. म्हणून केळे व शेंगदाणे यांवर ठेवलेला शुगर ग्लायडर गुटगुटीत दिसेल, आवडीने खाईल. आणि तरीही त्याची हाडे आतून पोकळ होत जातील.

येथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. कोष्टकात कॅल्शियम आहे म्हणजे ते सर्व शरीरास मिळतेच असे नाही. पालक व राजगिरा यांच्या पाल्यात ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते व शरीरात शोषले जाऊ देत नाही. तसेच कॅल्शियम शोषले जाण्यास ‘ड’ जीवनसत्त्व लागते. दिवसा झोपणाऱ्या प्राण्याला ते उन्हातून पुरेसे मिळत नाही, अन्नातून मिळावे लागते. सारांश, केवळ एखादा पदार्थ चांगला म्हणून तो भरपूर दिल्याने समतोल साधत नाही.

हाडे का ठिसूळ होतात?

रक्तातील कॅल्शियम ठरावीक पातळीवर राहिले पाहिजे. ते घसरले तर स्नायूंचे व हृदयाचे कार्य बिघडते. म्हणून आहारातून कॅल्शियम कमी येऊ लागले, किंवा फॉस्फरस वाजवीपेक्षा अधिक झाला, की मानेतील उपगलग्रंथी एक स्राव सोडतात व त्याच्या आज्ञेने हाडांतील कॅल्शियम काढून रक्तात आणले जाते. ही व्यवस्था संकटकाळासाठी आहे. घरातील धान्य संपले म्हणून बियाण्याची कणगी फोडण्यासारखीच ती. एखाद्या दिवशी ठीक. परंतु नित्य असेच होऊ लागले तर पुढे पेरणार काय?

रोग लपून वाढतो, हे त्याचे भयंकर वैशिष्ट्य. प्रारंभी प्राणी थोडा मंद होतो, झेप टाळू लागतो. मग मागचे पाय थरथरतात व फरफटत येऊ लागतात. किरकोळ उडीनेही हाड मोडते, पाठीच्या कण्याला इजा होते, आणि अखेर झटके येऊन प्राणी दगावतो. पाय ओढले जात आहेत असे दिसताच तात्काळ पशुवैद्याकडे नेल्यास पुष्कळदा तो वाचू शकतो. मालीश, घरगुती लेप किंवा मनाने दिलेली गोळी यांत वेळ दवडू नये.

याखेरीज चुकीच्या आहाराने आणखी तीन विकार संभवतात. गोड व स्निग्ध पदार्थांच्या अतिरेकाने स्थूलपणा येतो. मऊ, चिकट अन्नाने दात किडतात. आणि प्रथिने कमी पडल्यास अशक्तपणा व रक्तक्षय होतो. नाक व हिरड्या फिकट दिसणे हे रक्तक्षयाचे चिन्ह होय.

रोजचा आहार

मोठ्या शुगर ग्लायडरला दररोज त्याच्या वजनाच्या सुमारे १५ ते २० टक्के अन्न लागते. प्राणी १२० ग्रॅम वजनाचा असेल तर १८ ते २४ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड-दोन मोठे चमचे. लहान शरीरातून उष्णता लवकर निघून जाते व अशा अन्नात पाण्याचा अंश पुष्कळ असतो, म्हणून हे प्रमाण आपणांस मोठे वाटते.

या अन्नाचे स्थूलमानाने दोन भाग करावेत.

पहिला भाग रस व डिंक यांच्या जागी द्यावयाच्या मिश्रणाचा. ‘लेडबीटर मिश्रण’ नावाची एक कृती पशुवैद्यकीय ग्रंथांत दिलेली आढळते. ऑस्ट्रेलियातील याच जातीच्या एका दुर्मिळ प्राण्याच्या नावावरून हे नाव पडले आहे. कोमट पाणी १५० मिलिलिटर, मध १५० मिलिलिटर, कवच काढलेले एक उकडलेले अंडे, लहान बाळांसाठी मिळणारे प्रथिनयुक्त तयार धान्यपीठ २५ ग्रॅम आणि पशुवैद्याने सांगितलेली जीवनसत्त्वे व खनिजे यांची पूड एक चहाचा चमचा. प्रथम मध पाण्यात विरघळवावा, मग अंडे कुसकरून एकजीव करावे, शेवटी पीठ व पूड मिसळावी. गुठळी राहू देऊ नये. हे मिश्रण शीतकपाटात ठेवावे व शिळे झालेले टाकून द्यावे. खनिजांची पूड महाग म्हणून वगळणे म्हणजे घराचा पाया वगळून भिंती उभारणे होय.

दुसरा भाग प्रथिनांचा. कीटकभक्षक प्राण्यांसाठी तयार मिळणारे खाद्य, पाळलेले रातकिडे वा अळ्या, थोडे उकडलेले अंडे अथवा बिनमिठाचे शिजवलेले कोंबडीचे मांस यांतून तो द्यावा. कीटकांतही कॅल्शियम कमी व फॉस्फरस कितीतरी अधिक असतो. म्हणून त्यांना प्राण्यापुढे ठेवण्यापूर्वी एक-दोन दिवस कॅल्शियमयुक्त खाद्य खाऊ घालतात, किंवा त्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरतात. शेतातले वा दिव्याखाली पडलेले किडे मात्र देऊ नयेत. त्यांच्या अंगावर फवारणीचे विष असण्याचा संभव असतो.

फळे व भाज्या हा या ताटातील कोशिंबिरीचा भाग समजावा. पपई, अंजीर, सफरचंद, गाजर, रताळे यांचे बारीक तुकडे, एकूण अन्नाच्या दशांशाहून अधिक नाही. प्राणी गोड तुकडे वेचून खातो व उरलेले सोडून देतो. लहान मूल भाजी बाजूला सारून गूळ खाते, तसेच हे. म्हणून मुख्य अन्न आधी व फळ नंतर, हा क्रम पाळावा.

वर्ज्य पदार्थ पुढीलप्रमाणे : चॉकलेट, मिठाई, बिस्किटे, तळलेले व खारवलेले पदार्थ, कांदा, लसूण, चहा, तसेच गाईम्हशींचे दूध. दुधातील शर्करा या प्राण्याला पचत नाही व हगवण लागते. शेंगदाणे व सूर्यफुलाचे बी नित्याच्या खाण्यात असू नये.

अन्न सायंकाळी, प्राणी जागा होण्याच्या सुमारास द्यावे व सकाळी उरलेले काढून भांडे स्वच्छ धुवावे. ताजे पाणी सदैव उपलब्ध असावे. आठवड्यातून एकदा तराजूवर वजन करून वहीत नोंद ठेवावी. डोळ्यांना न दिसणारा रोग या आकड्यांत आधी दिसतो. हा प्राणी कळपात राहणारा असल्याने एकटा ठेवल्यास खिन्न होतो, अन्न सोडतो, प्रसंगी स्वतःलाच चावे घेतो. सोबत हीदेखील त्याची भूक आहे.

पाळावा काय?

येथवर वाचल्यावर शिक्षकांच्या मनात साहजिकच प्रश्न येईल : एवढे सारे एका घरात होईल काय? हाच प्रश्न मुलांच्या मनात उत्पन्न व्हावा, हा या लेखाचा खरा हेतू आहे. पाचवीतील मुलाने हट्टाने आणविलेला प्राणी ते मूल महाविद्यालयात जाईपर्यंत जगू शकतो. तेवढी वर्षे दररोज सायंकाळी त्याचे अन्न कोण करणार? परीक्षेच्या दिवसांत, लग्नकार्यात, पेरणीच्या धांदलीत कोण पाहणार? त्याच्या रोगाची माहिती असलेला पशुवैद्य जवळ आहे काय? या प्रश्नांची उत्तरे नसतील तर न पाळणे हेच प्रेम. ज्याच्या घरी असा प्राणी आहे त्या विद्यार्थ्याला मात्र वर्गात लाजवू नये. त्याला वरील माहिती द्यावी, व त्याच्या प्राण्याचे ताट सुधारावे.

हा केवळ दयेचा विषय नाही, कायद्याचाही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार मालकाने आपल्या प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे ही क्रूरता ठरते. सजीव प्राण्यांविषयी दयाभाव बाळगणे हे १९७६ च्या दुरुस्तीनंतर आपल्या संविधानात नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नमूद आहे.

आपल्या रानातील आप्त

मुळशी तालुक्यातील मुलांना परदेशी प्राण्याचे अप्रूप वाटण्याचे खरे तर कारण नाही. ताम्हिणीच्या रानात, ज्याला २०१३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, शेकरू आहे. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी असून त्याच्या रक्षणासाठी जिल्ह्यातच भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ मध्ये स्थापन झाले. तो दिवसा वावरतो, उंच झाडांच्या शेंड्यांवर काटक्या व पाने यांची गोल घरटी बांधतो, आणि उंबर, जांभूळ, आंबा यांची फळे, फुले, बिया, साल असा ऋतूप्रमाणे बदलणारा आहार घेतो. फाल्गुनात सावर फुलली म्हणजे अंगणातली खारदेखील तिच्या फुलांतला मध पिताना दिसते. हे ताट निसर्गाने वाढलेले असते. त्यात कॅल्शियमची पूड मिसळावी लागत नाही.

हे प्राणी पाळता येत नाहीत. वन्य प्राणी पकडणे व बाळगणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने निषिद्ध केले आहे. तरीही वादळवाऱ्यात घरटे पडून वा झाड तोडले जाऊन खारीचे पिलू खाली येते, आणि एखादा विद्यार्थी ते टोपीत घालून शाळेत घेऊन येतो. अशा वेळी शिक्षकाने पुढीलप्रमाणे करावे. पिलाला जखम नसेल तर ते मऊ फडक्यात, उथळ पेटीत ठेवून पेटी त्याच झाडाजवळ मांजर-कुत्र्यांपासून सुरक्षित उंचीवर ठेवावी व सर्वांनी दूर व्हावे. आई पुष्कळदा परत येते व पिलू तोंडात धरून नेते. पिलू गार पडले असेल तर आधी ऊब द्यावी. गार पडलेल्या पिलाच्या तोंडात काहीही घालू नये. गाईचे दूध, साखरपाणी, पोळीचा काला यांतील काहीही देऊ नये. दूध पचत नाही, आणि घाईने घातलेला थेंब श्वासनलिकेत जाऊन पिलू गुदमरते. आई आली नाही किंवा पिलू जखमी असले तर पौड येथील वन विभागाच्या कार्यालयास किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. शेकरूचे पिलू सापडल्यास वन विभागाला कळविण्यास जराही विलंब करू नये.

वर्गातील पाठ

इयत्ता पाचवी ते सातवीसाठी या विषयावर दोन तासिकांचा पाठ घेता येईल.

पहिल्या तासिकेत ‘कोण काय खातो’ ही नोंद घ्यावी. प्रत्येक मुलाने आपल्या घरचा वा परिसरातील एक प्राणी निवडावा. गाय, शेळी, कोंबडी, मांजर, खार, चिमणी यांपैकी कोणताही चालेल. त्याने आठवडाभर निरीक्षण करून प्राण्याने काय खाल्ले, केव्हा खाल्ले, काय टाकले हे लिहावे. नंतर दात वा चोच आणि अन्न यांचा संबंध फळ्यावर मांडावा. निरीक्षणासाठी कोणताही प्राणी पकडू नये, व घरट्याला हात लावू नये, ही ताकीद आधीच द्यावी.

दुसऱ्या तासिकेत वर दिलेले कोष्टक फळ्यावर लिहून गणिताची उदाहरणे घ्यावीत. प्रत्येक पदार्थात फॉस्फरस कॅल्शियमच्या किती पट आहे? कोणत्या पदार्थात कॅल्शियमचे पारडे जड आहे? १३० ग्रॅम वजनाच्या प्राण्यास १५ टक्के प्रमाणाने किती अन्न लागेल? गुणोत्तर व शतमान हे रूक्ष वाटणारे विषय येथे एका जीवाच्या हाडांशी जोडले जातात, आणि मुले ते विसरत नाहीत. शक्य असल्यास खडूचा व कागदी पुठ्ठ्याचा साधा तराजू करून दोन पारडी प्रत्यक्ष दाखवावीत.

याच तासिकेच्या अखेरीस कोष्टकातील नाचणीकडे मुलांचे लक्ष वेधावे. मुळशीच्या डोंगरउतारांवर पिकणारे हे धान्य, आणि परसातला शेवगा. कोष्टकातील धान्यांत कॅल्शियमचे पारडे जड आहे ते एका नाचणीचेच. आंबेमोहोर भात हा आपल्या तालुक्याचा अभिमान खराच. परंतु वाढत्या हाडांना नाचणीच्या भाकरीचा व शेवग्याच्या भाजीचा आधार हवा. नाचणी हे गरिबाचे अन्न म्हणून जी मुले ती डब्यात आणण्यास लाजतात, त्यांना हे आकडे फळ्यावर दिसले तर ती लाज निघून जाईल. पुढ्यातील बिस्किटाच्या पुड्याची आणि भाकरीची तुलना करण्यास मग वेगळे व्याख्यान लागणार नाही.

एका चिमुकल्या परदेशी प्राण्याच्या निमित्ताने मुलांना तीन गोष्टी कळाव्यात. प्रत्येक जीवाचे अन्न वेगळे असते व ते त्याच्या देहरचनेत लिहिलेले असते. आवडीचे अन्न आणि हिताचे अन्न नेहमीच एक नसते. आणि ज्याला आपल्या भुकेविषयी बोलता येत नाही, त्याच्या भुकेचा अभ्यास करणे हे ज्याने त्याला घरी आणले त्याचे काम आहे. हा तिसरा धडा मुलांच्या अंगी मुरला, तर उद्या गोठ्यातील वासराच्या दावणीपाशी आणि घरातील धाकट्या भावंडाच्या पानापाशीही तो त्यांच्या उपयोगी पडेल.